अपो मेलानियोंसाठी चार फुटी चावी

मनांग बासिंगच्या उजव्या घोट्यावर अंगठा दाबून उचलला की तिथे खळगा पडे. तो भरून यायला आज अकरा सेकंद लागले. सोमवारी सात लागले होते.

एमेतेरिया दुमलावने घड्याळावरची नजर काढली आणि आकडा वहीत लिहिला. सान्ता फेलिसाच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवून ती निवृत्त झाली, मग गावाने तिला उपनगराध्यक्ष केलं. वहीची सवय मात्र दोन्हीकडे टिकली.

"किती?" थोरल्या बहिणीने विचारलं.

"अकरा."

"वाढले की."

"मनांग, हे परीक्षेचे गुण नाहीत."

मनांगने उत्तर म्हणून अपो मेलानियोंचा फोटो चिकटवलेली बाटली उघडली आणि अर्धी रिकामी केली. तीन आठवड्यांपूर्वी अपोंनी, म्हणजे भक्तांच्या या महाराजांनी, रेडिओवरून सांगितलं होतं, की ज्याचा विश्वास पक्का त्याला गोळ्या नकोत, मंतरलेलं पाणी पुरे. त्याच संध्याकाळी मनांगच्या रक्तदाबाच्या गोळ्या शिवणाच्या डब्यात गेल्या. पायांत पाणी साचलेली बाई आता दिवसाला चार बाटल्या पाणी पीत होती, आणि त्यालाच उपचार म्हणत होती.

अपो मेलानियोंनी आजवर दोनदा जगबुडीची तारीख जाहीर केली होती. दोन्ही वेळा भक्तांनी आपली शेतं त्यांच्या नावावर करून दिली, कारण बुडणारी जमीन जवळ ठेवून करायचं काय. जगबुडी झाली नाही. शेतंही परत आली नाहीत. त्यावरून कोर्टात खटले चालू होते, आणि अपो म्हणत, खटले संतांवरच होतात.

हे अपो आता गावात यायचे होते. नुसते आले असते तर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण त्यांच्या भक्तमंडळाला शासकीय इतमाम हवा होता: वेशीवर बँड, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झेंडे धरलेली शाळकरी मुलं, अर्ध्या दिवसाची सुट्टी आणि गावाची चावी. मंडळाची गावात बाराशे मतं होती आणि ती एकगठ्ठा पडत. नगराध्यक्ष म्हणाले, "सभा ठरवेल," आणि दाढ दाखवायला मनिलाला गेले. अशा वेळी त्यांची दाढ हमखास दुखे.

सभेने ठरवायला तीन वेळा घेतलं होतं. पहिल्यांदा गणसंख्या भरली नाही. दुसऱ्यांदा चावी सापडेना; ती मागेच एका मुष्टियोद्ध्याला दिली होती आणि तो ती घेऊन कॅनडाला गेला होता. तिसऱ्यांदा ठराव शेती समितीकडे पाठवला गेला. समितीने तो महिनाभर ठेवून घेतला आणि हा विषय शेतीचा नाही असा शेरा मारून परत केला.

"आज तरी ठरवणार का?" मनांगने विचारलं.

"बघू."

मनांगने बाटली टेबलावर ठेवली. "क्लेमेंते मला चौदा वर्षं 'बघू' म्हणाला. पहिल्याच वर्षी 'नाही' म्हणाला असता तर मी दुसरा कुणी बघितला असता. या गावात कुणाला नाही म्हणता येतच नाही. सगळे हसतात, खायला घालतात आणि बघू म्हणतात."

"मग तू गोळी घेणार का? हो किंवा नाही सांग."

मनांगने बाटलीचं झाकण फिरवून घट्ट केलं. "हे बघ, तेरिंग. तुमच्या सभेने त्यांना मान दिला, तर सरकारनेच मानलं. मग मी डॉक्टरचं का ऐकू? आणि सभा नाही म्हणाली, तर घेईन गोळी."

"शब्द?"

"शब्द. पण कुणीतरी तोंडाने नाही म्हणायला हवं. बारगळलं, राहून गेलं, पुढच्या सभेत घेऊ, असलं मी धरणार नाही."

दहा वाजता एमेतेरियाच्या अध्यक्षतेखाली सभा भरली. मागच्या बाकांवर पांढऱ्या झग्यांतल्या भक्त बायका दाटीने बसल्या होत्या, प्रत्येकीच्या मांडीवर बाटली. पहिल्या बाकावर मनांग होती. तिने उजवा पाय समोरच्या स्टुलावर ठेवला होता, हातपंख्याने वारा घेत होती, आणि आपल्या बहिणीकडे टक लावून बघत होती.

ठराव मांडला मॅकारियो तबियोसने. सभेतल्या दहांपैकी सात जण एमेतेरियाचे विद्यार्थी होते, आणि मॅकारियो त्यांतला एकमेव, ज्याने प्रयोगशाळेचं छत काळं केलं होतं. त्याच्यामागे भिंतीला टेकवून नवी चावी उभी होती. सुताराला कुणी माप दिलं नव्हतं, म्हणून ती चार फूट झाली होती.

"ही उघडते काय?" नगरसेविका व्हिसितासियों पास्कुआने विचारलं.

"ती मानाची असते, व्हिसिंग," मॅकारियो म्हणाला. "उघडायची नसते."

"उचलणार कोण? अपो सत्तर वर्षांचे आहेत."

"अपोंनी एका बोटाने वादळ वळवलंय," मागून एक भक्त बाई म्हणाली.

"मग कॅनडातली चावी वळवून आणायला सांगा," व्हिसिंग म्हणाली. "लाकूड तरी वाचलं असतं."

"मुलांना उन्हात किती वेळ उभं करायचं?" एमेतेरियाने विचारलं.

"अपो येतील तोवर, मॅम."

"ते कधी येतील?"

मॅकारियोने कागद उलटसुलट पाहिला. "आत्म्याने सांगितलं की ते निघतात, मॅम."

"त्यांच्या तारखांचा अनुभव आहे आपल्याला," व्हिसिंग म्हणाली. यावर दोन भक्त बायकाही हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या.

मग बँडचा प्रश्न निघाला. बँड त्या दिवशी एका अंत्ययात्रेला बांधलेला होता. अंत्ययात्रा पुढे ढकलता येईल का, असं एकाने विचारलं. मयताच्या घरच्यांना विचारून बघू, असं दुसरा म्हणाला. केळीच्या पानातली तुपिग फिरवली गेली. तांदळाच्या पिठाची ती भाजलेली वडी तोंडात चिकटते, त्यामुळे दहा मिनिटं शांततेत गेली. त्या शांततेचा फायदा घेऊन एमेतेरियाने मतदान पुकारलं.

पाच हात वर झाले. विरोधात किती, असं विचारल्यावर चार झाले, आणि बऱ्याच वेळाने म्हाताऱ्या गालिनातोंचा पाचवा, कोपरापर्यंतच.

"मी मनाने बाजूने आहे," ते म्हणाले. "फक्त हात विरोधात आहे."

"हात मोजतात, सर," चिटणीस ओसियास म्हणाला. "पाच विरुद्ध पाच."

सगळ्यांनी अध्यक्षांच्या खुर्चीकडे पाहिलं. अध्यक्षाला मत असतं ते अशाच वेळी. एमेतेरियावर तशी वेळ कधी आली नव्हती. या सभेत एरवी सगळे सगळ्याला हो म्हणत.

मॅकारियो तुपिगची थाळी घेऊन तिच्याजवळ आला आणि वाकला.

"मॅम, तुम्ही काही बोलू नका," तो कुजबुजला. "समसमान झालं की ठराव आपोआप पडतो. हातोडा मारा आणि पुढचा विषय घ्या. कुणी कुणाला दुखावलं नाही."

"ठराव तुझाच आहे ना?"

"बायकोचा आहे, मॅम. माझा हात वर झालेला मागच्या बाकावरून तिला दिसायला हवा होता, तो दिसला. पडला तर बरंच होईल."

"का?"

"दुसऱ्या जगबुडीला सासऱ्याची तीन एकर गेली." त्याने थाळी पुढे केली. "घ्या ना, मॅम. गरम आहे."

तिने तुपिग घेतली नाही. मुलगा बरोबर बोलत होता. त्याचं पाठांतर कच्चं असे, पण नियम त्याला कळत. हातोड्याचा एक ठोका, आणि अपोंची वेशीवरची मिरवणूक गेली. बाराशे मतांचा राग कुणा एकावर येणार नाही. ओसियास लिहील, ठराव संमत झाला नाही, आणि त्या वाक्याला कर्ताच नसेल.

तिने हातोडा उचलला. पहिल्या बाकावर मनांगचा पंखा थांबला. चेहऱ्यावर विजय नव्हता. अशा ठोक्याची जिला सवय झाली आहे, तिची समजूतदार मान तेवढी हलली. तिने स्टुलावरचा पाय वळवला, तेव्हा टेकल्याने घोट्याच्या बाजूला पडलेला खळगा वर आला. तो खुर्चीवरून दिसत होता. एमेतेरियाने नकळत घड्याळ पाहिलं. पंधरा सेकंद झाले तरी तो भरला नव्हता.

तिने हातोडा खाली ठेवला.

"ओसियास, अध्यक्षांचं मत नोंदव."

"गरज नाही, मॅम. पडलाच आहे तो."

"गरज आहे."

मॅकारियो थाळीसकट जागच्या जागी थांबला. मागचे पांढरे झगे पुढे सरकले. एकीने बाटली उंच धरली, बहुधा संरक्षण म्हणून.

"मत लिहू की मत राखून ठेवलं असं लिहू?" ओसियासने आशेने विचारलं. "की बघू?"

एमेतेरियाने माइक जवळ ओढला. तो किरकिरला, ती किरकिर पूर्ण संपेपर्यंत थांबली, म्हणजे शब्द कुणाला चुकीचा ऐकू आला असं नंतर म्हणता येऊ नये. मग तिने सभेकडे पाहिलं नाही. पहिल्या बाकाकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "नाही, मनांग."