गिरणीमालकाची विधवा

"ज्या माणसाचं लग्नच झालं नाही, त्याची विधवा तुम्ही कुठून आणलीत?" खवट सरांनी विचारलं, आणि तोंडी परीक्षेच्या खोलीतल्या तीनही खुर्च्या हसून हसून करकरल्या.

धाकटीला त्या खुर्च्या दिसत नव्हत्या, कारण जन्मापासूनच तिला काही दिसत नव्हतं. पण कोणती खुर्ची किती हसतेय हे तिला नेमकं कळत होतं, आणि मधली सगळ्यात जास्त हसत होती. एका जुन्या गिरणीतल्या संपावर दोन वर्षं खपून तिनं प्रबंध लिहिला होता. त्या प्रबंधाचा कणाच ही विधवा होती. मालक वारल्यावर संपाच्या एकविसाव्या दिवशी ती स्वतः फाटकावर येते, कामगारांच्या बायकांना ब्लँकेटं वाटते आणि संप मिटतो. धाकटीनं तिच्यावर अख्खी चाळीस पानं ओवाळून टाकली होती.

सर म्हणाले, तुम्ही आधाराला घेतलेल्या पुस्तकात बाई औषधालाही नाही. मग पेनाचं टोपण लावत पुढे म्हणाले, "तुमची कल्पनाशक्ती मात्र चांगली डोळस आहे हं."

निकालाच्या कागदावर दोनच शब्द पडले: बनावट पुरावा. हा शेरा पक्का झाला की नाव पटावरून उडणार, आणि मग कुठल्याच विद्यापीठाचं दार तिच्यासाठी किलकिलंसुद्धा होणार नाही. हरकत घ्यायला पंधरा दिवस होते.

आता ही बया आली कुठून? तर मावशीच्या तोंडातून. मावशी म्हणजे धाकटीची कुणी सख्खी नव्हे. विद्यापीठाच्या साहाय्य केंद्रातली सगळ्यांची मावशी. जी पुस्तकं इतकी जुनी की संगणक ती वाचताना दगड चावल्यासारखा कडकडायचा, ती पुस्तकं मावशी केंद्रामागच्या खोलीत बसून वाचायची आणि ध्वनिमुद्रण करून मुलांना द्यायची. आधी तीस वर्षं तिनं रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा केल्या होत्या. तिच्या आवाजात चार तास उशिरा धावणारी गाडीसुद्धा वेळेवर आल्यासारखी वाटायची. अशा आवाजावर कोण शंका घेणार?

धाकटीच्या दादानं घेतली. दादा एका कुलपांच्या कंपनीत दुरुस्तीचं काम करायचा आणि पुस्तकांशी त्याचं शाळेपासूनच वाकडं होतं. पण बहिणीसाठी त्यानं ग्रंथालयातून ते पुस्तक आणलं आणि अडखळत, घाम पुसत, एकेक ओळ ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहिली. पहिली तीस पानं शब्दाला शब्द जुळली. मग वाक्यं सैल पडायला लागली. साठाव्या पानाशी पुस्तकाची आणि मावशीची जी ताटातूट झाली ती झालीच. पुस्तकात कापसाचे भाव चालले होते आणि मावशीच्या आवाजात विधवा घोडागाडीतून उतरत होती.

"हिच्यायला, ही तर पुस्तकापेक्षा भारी आहे," दादा म्हणाला, मग बहिणीचं तोंड बघून त्यानं पुढचं पान उलटलं.

दोघं केंद्रप्रमुखांकडे गेले. या बाईंना मुलं पाठीमागे गोडबोली म्हणत. गोडबोलीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. घरच्या माणसाची साक्ष चालत नाही म्हणाली. मावशी नऊ वर्षं फुकट वाचतात, त्यांचं मन दुखावलं तर बाकीच्या अकरा मुलांना कोण वाचून दाखवणार, असंही म्हणाली. मावशींनी स्वतः लिहून दिलं, की ध्वनिमुद्रणात चूक आहे, तर गोष्ट वेगळी. मग तिनं धाकटीला समुपदेशकाची वेळ दिली, ती पुढच्या महिन्यातली, म्हणजे मुदत उलटल्यानंतरची. आणि हातात एक रबरी चेंडू ठेवला. ताण आला की दाबायचा.

धाकटीनं तो तिथल्या तिथे दाबला. त्यानं पिपाणीसारखा आवाज काढला.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच मागच्या खोलीत गेली. मावशी वाचत होती. भिंतींना फोम होता, त्यामुळे बारीकसारीक आवाजही लपत नव्हता. धाकटीनं ऐकलं, की मावशीचा श्वास कागदावर आपटून परत येतोय. म्हणजे नाक पानाला टेकलेलं. पानं मात्र घड्याळ लावल्यासारखी सारख्या अंतरानं उलटत होती, वाक्य संपो की न संपो.

जगानं लहानपणापासून तिला जो प्रश्न विचारून छळलं होतं, तोच तिनं विचारला. "मावशी, किती बोटं आहेत सांग बरं."

मावशी थबकली. मग म्हणाली, "तीन."

धाकटीचे दोन्ही हात खिशात होते.

मग मावशी रडली. त्या आवाजात रडणंसुद्धा छान लागत होतं. दीड वर्ष झालं म्हणाली, आधी अक्षरं पुसट झाली, मग मधोमध काळा डाग आला, आता नुसत्या कडा उरल्यात. मुलाला आणि सुनेला कळलं तर घरात बसवतील, एका खुर्चीत, खिडकीपाशी, कुंडीसारखी. ही खोली तेवढी तिची होती. धाकटीनं दोन ओळी लिहून मागितल्या. मावशीनं तिचा हात घट्ट धरला, पण लिहून दिलं नाही.

"तुझं काय बिघडतंय गं? तुला अंधाराची सवय आहे. मी नवीन आहे," ती म्हणाली. "कुणाला सांगू नकोस. शब्द दे."

धाकटीनं शब्द दिला. आणि सांगून ठेवते, तो तिनं मोडला नाही. दादालासुद्धा ती चकार शब्द बोलली नाही.

बाराव्या दिवशी केंद्राचा वार्षिक कार्यक्रम होता. त्यात मावशीचा सत्कार होता, आणि मानपत्र धाकटीच्या हातून द्यायचं गोडबोलीनं ठरवलं. फोटो छान येईल, शिवाय मनातली कटुता जाईल, असा तिचा दुहेरी हिशेब. सभागृह गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत खवट सर बसले होते. त्यांचा खोकला धाकटीला ओळखू आला.

मानपत्राची चौकट तिच्या हातात आली. चौकटीमागे भिंतीला टांगायची कडी असते, ती नेहमी वरच्या बाजूला. धाकटीनं बोटानं कडी शोधली, चौकट फिरवून कडी खाली घेतली आणि मावशीच्या हातात दिली. मग माईकपाशी जाऊन म्हणाली, या मानपत्रावर काय लिहिलंय ते आम्हा मुलांना वाचता येत नाही. मावशींच्याच आवाजात ऐकायला मिळालं तर आमचं भाग्य.

टाळ्या पडल्या. मावशीला नाही म्हणायला जागाच उरली नाही.

तिनं घसा साफ केला आणि सुरुवात केली. काय आवाज लागला होता त्या दिवशी! अंधारातल्या लेकरांसाठी नऊ वर्षं तेवत राहिलेली ज्योत, ज्ञानगंगेच्या काठावरची माउली, एकाहून एक सरस ओळी. मागच्या रांगेत कुणी डोळे टिपत होतं. पुढच्या रांगेत मात्र कुजबुज सुरू झाली. मग एक बाई स्पष्ट म्हणाली, "अहो, उलटं धरलंय त्यांनी."

हसू पहिल्या रांगेतून निघालं आणि एकेक रांग चढत मागच्या भिंतीपर्यंत गेलं. मावशीला वाटलं, आपण एखाद्या ओळीत चुकलो. म्हणून तिनं आवाज आणखी गोड केला आणि पुढे वाचत राहिली. पुरी दोन मिनिटं. शेवटी तिचा मुलगा स्टेजवर आला आणि त्यानं तिच्या हातातून चौकट काढून घेतली. धाकटी माईकशेजारी ताठ उभी होती. फोटोत ती हसताना आली आहे म्हणतात.

मग सगळं भराभर झालं. केंद्रानं स्वतः दहा पानं ताडून पाहिली, खवट सरांनी शेरा खोडला, प्रबंध नव्यानं लिहायला धाकटीला तीन महिने मिळाले. मावशीच्या मुलानं खोलीची किल्ली परत केली. नवा वाचक काही मिळेना. बाकीच्या अकरा जणांनी धाकटीशी बोलणं टाकलं. त्यांच्याही परीक्षा तोंडावर होत्या, आणि त्यांच्या पुस्तकांत कुणाकुणाच्या विधवा घुसल्या होत्या देव जाणे. दादाची बदली दूरच्या शाखेत झाली. गोडबोली म्हणाली, दुसरी सोय होईपर्यंत जुनंच ध्वनिमुद्रण ऐक, फक्त जरा जपून.

वाचक मिळाला का विचारायला धाकटी दर मंगळवारी केंद्राबाहेरच्या बाकावर येऊन बसायची. अशाच एका मंगळवारी कुणाला तरी तिच्या शेजारी आणून बसवलं गेलं. आणणाऱ्यानं घाईघाईत सांगितलं, आई, इथेच थांब, मी झेरॉक्स काढून येतो. मग तो पायऱ्या उतरून गेला.

शेजारच्या बाईनं जरा वेळ हातातला कागद चाळवला.

"बाळ," तो आवाज म्हणाला, "नवीन नाव नोंदवायचंय. एवढा अर्ज वाचून दाखवतेस का? काय काय लागतं ते बघ."

धाकटीनं कागद घेतला. तिच्या बोटांना तो दोन्ही बाजूंनी सारखाच गुळगुळीत लागला. तिनं घसा साफ केला आणि गाड्यांच्या घोषणेच्या मखमली थाटात सुरुवात केली.

"अर्जदारानं प्रथम आपल्या जागी वाचायला दुसरा माणूस आणून द्यावा. तोवर अर्ज घेतला जाणार नाही."

मावशीनं पहिल्याच शब्दाला आवाज ओळखला. तिनं बाकाची कड चाचपली, उभी राहिली, पण मुलानं आपल्याला कुठं तोंड करून बसवलंय, दार डावीकडे की उजवीकडे, हे तिला कुठं माहीत होतं? ती पुन्हा बसली. हात मांडीवर घेतले.

धाकटीनं पान उलटलं आणि पुढे वाचायला लागली.