परतीचा बाण

ज्या बाईंना त्या दिवशी चाचणीला यायचं होतं त्यांचा सकाळीच फोन आला, पाय मुरगळलाय म्हणून. आमच्या कामात हे नेहमीचंच. ब्राउझरची बीटा आवृत्ती, म्हणजे अजून पुरता न शिजलेला माल, बाहेरच्या माणसांपुढं ठेवायचा आणि ती कुठं अडखळतात ते काचेमागं बसून बघायचं. माणसं मात्र ऐन वेळी दगा देतात.

"साठीच्या पुढचं कुणीतरी हवंच," आमच्या विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या. "आता कुठून आणायचं?"

"माझ्या बाबांना बोलावते. जवळच राहतात. आणि आधीच सांगून ठेवते, आपल्या सगळ्यांना पुरून उरतील."

हे मी जरा ठणकावूनच म्हणाले. खरं तर ते मॅडमना नव्हतं, माझ्या दादाला होतं. दादा दुसऱ्या शहरात असतो आणि तिथून फोनवर काळजी करतो. 'बाबांचं काहीतरी बिनसलंय, तेच तेच विचारतात, त्यांना एकटं ठेवणं बरं नाही, इथल्या वृद्धाश्रमात नाव घालून ठेवतो.' शेवटी एकदा माझं डोकं फिरलं. "लांब बसून शहाणपण शिकवू नकोस. रोज मी बघते त्यांना. त्यांना काही झालेलं नाही, तुला त्यांच्या खोल्या रिकाम्या हव्यात!" खोल्यांचं खोटं होतं, मलाही माहीत होतं, पण जिभेला हाड नसतं. तेव्हापासून दादाचा फोन नाही. आज बाबांनी सगळं झटपट करून दाखवलं की मीच त्याला फोन लावणार होते आणि चांगली खोड मोडणार होते.

बाबांनी उभा जन्म ट्रक चालवला आणि कधी कुणाला रस्ता विचारला नाही. 'रस्ता विचारणारा ड्रायव्हर आणि मीठ किती घालू विचारणारा स्वयंपाकी, दोघांनाही घरी बसवावं,' असं म्हणायचे. आई गेल्यावर दोन खोल्यांत एकटेच राहतात. स्वतःचं स्वतः रांधतात, सकाळी फिरायला जातात, जुन्या लॅपटॉपवर बातम्या वाचतात आणि सरकारला शिव्या घालतात. यात बिनसलेलं काय आहे?

मी फोन केला तर एका पायावर तयार. फक्त म्हणाले, "गाडी पाठवशील ना?" मला वाटलं, थाट हवाय. पाठवली.

आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापूनचोपून. चाचणीच्या खोलीत एक टेबल, लॅपटॉप, दोन खुर्च्या आणि एका भिंतीला मोठा आरसा. आतून तो आरसा, आमच्या बाजूनं काच. काचेमागं मी, मॅडम आणि रंगारी. रंगारी म्हणजे आमच्या ब्राउझरचं रंगरूप ठरवणारी मुलगी. आत बाबांबरोबर मौनीबुवा. हे नाव त्याला ऑफिसनं दिलंय, कारण समोरच्यानं काहीही विचारलं तरी त्याचं उत्तर ठरलेलं, 'तुम्हाला काय वाटतं?' मदत करायची नाही हा नियमच आहे. एकदा बोट धरलं की माणूस कुठं पडला असता ते कळत नाही. त्याच्या कानात एक छोटं यंत्र असतं, त्यातून आम्ही काचेमागून त्याच्याशी बोलू शकतो.

"काका, ही तुमची परीक्षा नाही, ब्राउझरची आहे," मौनीबुवानं नेहमीचं सांगितलं. "मी मदत करणार नाही. तुम्ही मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा. या आरशामागं आमची माणसं बसलीत, तुमची मुलगीही आहे."

बाबांनी आरशाकडं बघून हात हलवला. मी बसले होते तिथं नाही, रंगारीच्या दिशेनं. तीही हात हलवून हसली.

सुरुवात झकास झाली. उद्याचं हवामान शोधायला सांगितलं, ते त्यांनी चुटकीसरशी काढलं. मधेच एका चिन्हाला म्हणाले, "ह्याचं तोंड रागावलेल्या मांजरासारखं आहे. टिचकी मारू का? चावलं तर तुमची जबाबदारी." मॅडम खळखळून हसल्या. मी मनातल्या मनात दादाचा नंबर फिरवायला घेतला.

मग पुढचं काम. डोंगरावरच्या गावात राहायला खोली शोधायची, तिचे फोटो बघायचे आणि पुन्हा पहिल्या यादीवर यायचं. बाबा यादीतून एका घरात शिरले, घरातून खोलीत, खोलीतून फोटोत. "पडदे घाण आहेत," असा शेरा मारला. आता परत. त्यांनी माउसचा काटा वर डाव्या कोपऱ्यात नेला आणि तिथंच ठेवला.

तिथं बाण नव्हता. जुन्या आवृत्तीत मागं जायचा बाण त्या कोपऱ्यात असतो, बीटामध्ये आम्ही तो काढला होता. लॅपटॉपच्या कळांखालच्या स्पर्शपट्टीवर दोन बोटं सरकवली की मागचं पान येतं. कल्पना रंगारीची, आणि दोन्ही हात वर करून पाठिंबा माझा. म्हटलं होतं, पडदा किती मोकळा दिसतो!

"इथं बाण असतो," बाबा म्हणाले. काटा कोपऱ्यात गोल गोल फिरवला. "अरे बाळा, बाण कुठं गेला?"

"तुम्हाला काय वाटतं, काका?"

"मला वाटतं, होता." त्यांनी उगाच पानावरचा एक शब्द दाबला. भलतंच पान उघडलं. अजून एक दाबला. आता ते आणखी आत गेले होते. शर्टाच्या बाहीनं त्यांनी ओठावरचा घाम पुसला.

"बोलत राहा, काका. मनात येईल ते."

बाबा बोलले, पण आवाज मघाचा नव्हता.

"मी आत जातो ते बाणाच्या भरवशावर. जायचं, बघायचं, बाणावरनं बाहेर. रस्त्यावरही तसंच करतो हल्ली. घरातून निघालो की नाकासमोर सरळ. वळायचं नाही. बेकरी आली की मागच्या पावली परत. वळलं नाही की चुकत नाही माणूस."

रंगारीचं लिहिणं थांबलं.

"परवा रस्ता खोदला होता. वळावं लागलं. मग घर सापडेना. हातातले पाव पार चुरले, इतका फिरलो. मी, ट्रक चालवणारा माणूस! विचारणार कुणाला, आणि काय विचारणार? माझं घर कुठाय? दुपारी पोरीचा फोन आला, तर सांगितलं, पैलवान भेटला होता, गप्पांत वेळ गेला. पैलवान गेला, वर्ष झालं. त्याला स्मशानात पोचवायला ती माझ्याबरोबर आली होती. पण कामात होती बिचारी, 'बरं झालं' म्हणाली."

मी म्हणाले होते. अगदी तेच शब्द. पैलवानकाका गेलेत हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, आणि मला तर काही झालेलं नाही.

बाबांनी मौनीबुवाकडं वाकून आवाज खाली आणला. "माझी लेक इथंच कामाला आहे. तिच्या कानावर घालू नकोस हं. माझ्यासाठी सख्ख्या भावाशी भांडलीय ती. तिला कळलं तर मला माझ्या खोलीतून उठवतील."

त्यांना आरशाची आठवणच नव्हती. मघाशी हात हलवलेला, तो पुसूनच गेला होता.

मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "थांबवू या का?" मी नकारार्थी मान हलवली. थांबवलं असतं तर त्यांना 'का' ते कळलं असतं. लाज वाटत होती, आणि रागही येत होता, पण कुणाचा ते कळत नव्हतं. मी माइक ओढला आणि मौनीबुवाच्या कानात म्हणाले, "दाखव त्यांना. परत कसं यायचं ते दाखव."

त्यानं आरशाकडं एकदा पाहिलं. मग खुर्ची सरकवली, बाबांची दोन बोटं स्वतःच्या हातात घेतली आणि पट्टीवरून सरकवली. एक पान मागं. अजून एक. अजून एक. यादी आली.

"सापडलं!" बाबा ओरडले. चेहरा असा उजळला की मला बघवेना.

बाहेर आले तेव्हा ते पुन्हा आमचे नेहमीचे बाबा होते. "काय, पास झालो का? तुमचं यंत्र चांगलंय, तेवढा बाण परत लावा. माणसानं मागं फिरायचं कुठून?"

"लावू, काका," रंगारी म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते.

ऑफिसची गाडी दुसरीकडं गेली होती. बाबा म्हणाले, जातो मी चालत, तुझं काम कर. पण खालच्या दारापाशी ते रेंगाळले, एकदा इकडं, एकदा तिकडं बघत. "मलाही त्याच बाजूला जायचंय," मी म्हणाले आणि बरोबर निघाले. बाबा उत्साहात होते. त्या घाणेरड्या पडद्यांबद्दल बोलत होते.

पहिला कोपरा आला आणि बाबा खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. हे नेहमीचंच. मी कितीदा चिडवलंय, 'बाबा, तुमच्या नाड्या कोपरा दिसला की सुटतात!' ते म्हणायचे, तू हो पुढं, आलोच. आणि मी पुढं व्हायचे, आणि ते माझ्या मागून बरोबर वळायचे.

आज मी पुढं झाले नाही.

बाबांनी नाडी बांधली. सोडली. परत बांधली. मग वाकलेलेच म्हणाले, "आरशामागं तू होतीस ना?"

मी त्यांच्याकडं वाकले.

"मी हात केला होता तुला. आत्ता आठवलं."

"हो."

"सगळं ऐकलंस?"

"हो, बाबा."

"तेव्हाच आठवलं असतं तर चकार शब्द काढला नसता."

मी भर रस्त्यात रडायला लागले. एक बाई पिशव्या सांभाळत आमच्याकडं बघत गेली. "मी दादाला नाही नाही ते बोलले," मी म्हणाले. "त्याला म्हटलं, बाबांना काही झालेलं नाही."

"त्याला फोन कर. पोरगं खोटं बोलत नव्हतं. मला माझ्या खोलीतच राहायचंय, हेही सांग. पण खरं ते सगळं सांगून मग सांग." माझा खांदा धरून ते उठले. गुडघा कुरकुरला. मग त्यांनी समोरच्या दोन्ही रस्त्यांकडं पाहिलं, नीट, बराच वेळ, कुठं काही ओळखीचं दिसतंय का ते शोधत.

"बरं," ते म्हणाले, "आता सांग. वळायचं कुठं?"

"डावीकडं," मी म्हणाले.