एका दुपारपुरती खोली

मित्रांनो, मी भिंग. पितळी कडेचं, शिसवी दांड्याचं, तळहातात मावणारं. पितळ आता काळवंडलं आहे आणि काचेचा एका बाजूला टवका उडाला आहे. ऑकलंडमध्ये माउंट रॉस्किल नावाचा भाग आहे. तिथल्या एका भाड्याच्या घरात, जेवणाच्या टेबलाच्या खणात मी राहतो. सोबतीला दोन संपलेल्या बॅटऱ्या आणि एक मोजपट्टी आहे. त्यांना माझ्या गोष्टीत रस नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

मला घडवणाऱ्या कारागिराचं नाव मला ठाऊक नाही. काच घासून घासून मधे फुगीर ठेवतात आणि कडेला पातळ करतात, तेव्हा कुठे ती मोठं दाखवायला लागते. पुण्यात बुधवार पेठेतल्या एका चष्म्याच्या दुकानातून रमण नावाच्या तरुणाने मला विकत घेतलं. तो भोसरीच्या एका फौंड्रीत तपासनीस होता. लोखंड ओतून केलेले भाग त्याच्यासमोर रांगेने यायचे आणि तो मला त्यांच्यावरून सावकाश फिरवायचा. केसाएवढी चीर दिसली की खडूची फुली, आणि तो भाग बाजूला. अक्षरांशी माझा संबंध नव्हता. कितीतरी वर्षं मी फक्त लोखंड पाहिलं.

पुढे रमण बायको आणि मुलाला घेऊन न्यूझीलंडला आला. ईस्ट टामाकीच्या एका कारखान्यात त्याला तेच काम मिळालं. तिथे लोखंडाच्या आतलं दाखवणारी मोठी यंत्रं होती, तरी रमण सवयीने खिशातून मला काढायचा. एकदा क्रेनच्या आकड्यातली चीर यंत्रातून निसटली आणि माझ्यातून दिसली. साहेबाने सगळ्यांसमोर मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि मान हलवली. आयुष्यात माझं कौतुक म्हणाल तर एवढंच झालं, पण ते मला पुष्कळ दिवस पुरलं.

रमण वारला आणि मी खणात गेलो. दोन वर्षं मला कुणी हात लावला नाही. मग एका सकाळी त्याच्या बायकोने, प्रमोदिनीने, मला बाहेर काढलं. मनुरेवाच्या एका औषधांच्या दुकानात बावीस वर्षं फार्मासिस्ट म्हणून काम करून ती निवृत्त झाली होती. तिने मला कोमट पाण्याने धुतलं, जुन्या मऊ साडीच्या तुकड्याने पुसलं आणि गोळ्यांच्या बाटलीवर धरलं. मी पहिल्यांदा अक्षरं पाहिली ती तिथे. उशिरा शिकलो, पण शिकल्यावर काहीच सोडलं नाही. पावत्या, बसचं वेळापत्रक, डाळीच्या पिशवीवरचा बारीक मजकूर, सगळं आम्ही दोघं मिळून वाचायचो.

हळूहळू मला जास्त वेळ धरावं लागू लागलं. प्रमोदिनी मला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. मैत्रेयी नावाच्या त्या तरुण डॉक्टर मराठीच होत्या.

"काकू, पडद्याचा मधला भाग झिजतोय," त्या म्हणाल्या. "मधलं दिसणं आधी जाईल. कडेचं राहील. घरात वावरता येईल, पण समोरच्याचा चेहरा दिसणार नाही."

"किती दिवस आहेत?"

"येणारा हिवाळा धरून चाला. जून-जुलै. थोडं पुढेमागे."

बसमधून घरी येताना प्रमोदिनी खिडकीबाहेर बघत होती. मी तिच्या पर्समध्ये होतो, आणि पर्सवरचा तिचा हात घट्ट होता.

त्या रविवारी जेवताना तिने घरात सांगून टाकलं. घरात मुलगा नील, सून वल्लरी आणि चौदा वर्षांची नात इरावती.

"मे महिन्यात मी सुलेखाकडे इंग्लंडला जाणार आहेच. त्यातले चार दिवस मला एकटीला राहायचंय. खेड्यातल्या एखाद्या शांत हॉटेलात."

सुलेखा म्हणजे तिच्या बहिणीची मुलगी. ती आणि तिचा नवरा गुरुनाथ लेस्टरला राहतात.

नीलचा घास हातातच राहिला. "एकटी? का? वल्लरी काही बोलली का तुला?"

"मला कशाला मधे घेतोस," वल्लरी म्हणाली. "मी कोशिंबीर वाढतेय."

"कुणी काही बोललेलं नाही," प्रमोदिनी म्हणाली. "बाहत्तर वर्षांची झाले, पण एका खोलीत एकटी कधी झोपले नाही. माहेरी आम्ही पाच बहिणी. मग होस्टेल. मग तुझे बाबा. आता इरावतीचं घोरणं."

"आय डोन्ट स्नोअर, आजी."

"विचार भिंतीला."

"अगं पण मेंढ्या आणि हिरवळच बघायची तर इथे काय तोटा आहे?" नील म्हणाला. "तुला वायकाटोला सोडतो. मस्त फार्म-स्टे बघू."

"इथे कुठेही गेले तरी तीन तासांत तू डबा घेऊन दारात उभा राहशील."

सगळे हसले. नील जरा उशिरा हसला. मग म्हणाला, "बरं. पण पोचलीस की मेसेज. आणि फोन उचलायचा."

"आणि सुलेखाला सांगायचं नाही. मी बोलावल्याशिवाय कुणी यायचं नाही. कबूल?"

"कबूल."

सुलेखाला का सांगायचं नव्हतं ते तुम्ही ओळखलं असेल. आपल्या माणसाचं घर असताना हॉटेलात उतरणं हे आपल्याकडे तोंडावर दार लावल्यासारखं वाटतं. म्हणून प्रमोदिनीने तिला सांगितलं, माझी एक जुनी मैत्रीण तिकडे खेड्यात राहते, तिच्याकडे चार दिवस जाईन.

आणि मग आमचं काम सुरू झालं. इरावतीने लायब्ररीतून तेवीस हॉटेलांची पानं छापून आणली.

"आजी, फोनवर झूम करता येतं. हे हेप्स ऑफ पेपर कशाला?"

"फोनकडे बघितलं की डोळ्यांत पाणी येतं. कागद बरा."

प्रमोदिनीने ती पानं टेबलावर रांगेने मांडली, डावीकडून सुरुवात केली आणि मला सावकाश फिरवू लागली. मित्रांनो, मी हबकलो. ती अगदी रमणसारखी तपासत होती. हिरवळीच्या कडेला तंबूचे खांब दिसले, म्हणजे इथे लग्नं होतात. लाल पेनची फुली. झाडांमागे एक ट्रक अर्धवट दिसला, म्हणजे मागून मोठा रस्ता जातो. फुली. जेवणघरात भिंतीवर टीव्ही. फुली. एका खोलीच्या फोटोत लहान मुलाची खाट. "नको गं बाई," म्हणून तीही फुली.

दहा दिवसांनी एक पान उरलं. सात खोल्यांचं दगडी घर, श्रॉपशर नावाच्या डोंगराळ भागातलं. वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत एकच पलंग, एकच उशी, खिडकीशी एकच खुर्ची. खिडकीतून कुरण, त्यातून एक पायवाट, लाकडी फाटक, आणि पलीकडे लहानसं चर्च. त्या एकुलत्या उशीवर तिने मला बराच वेळ धरून ठेवलं. फुली मारण्यासारखं काही सापडलं नाही. इरावतीने चार दिवसांसाठी ती खोली नक्की केली आणि म्हणाली, "डन. स्वीट ॲज, आजी." स्वीट ॲज म्हणजे इकडच्या मुलांच्या भाषेत झकास.

लेस्टरला पोचल्यावर सुलेखाने आठ दिवस फार प्रेमाने केलं. नवव्या दिवशी तिने आम्हाला आगगाडीत बसवून दिलं आणि "मैत्रिणीला नमस्कार सांग" म्हणाली. स्टेशनवरून टॅक्सी केली. दुपारी बारा वाजता आम्ही त्या दगडी घरात पोचलो. पिकल्या केसांच्या मालकीणबाईंनी किल्ली दिली, चहा हवा का विचारलं आणि त्या निघून गेल्या. कुठून आलात, कुणाबरोबर आलात, मुलंबाळं किती, काही विचारलं नाही. प्रमोदिनीने नीलला 'पोचले' असा मेसेज केला, फोन बॅगेत ठेवला आणि आतून कडी लावली.

त्यानंतरच्या वेळात काय घडलं असं विचाराल तर काहीच नाही. ती खुर्चीत बसली. चहा घेतला. मग उठून पलंगावर आडवी पडली, आधी कडेला, सवयीने, आणि मग सरकत सरकत मधोमध आली. बराच वेळ ती कुणाशी बोलली नाही आणि तिला कुणी काही विचारलं नाही. खाली जाऊन तिने कुंपणाच्या झुडपावरचा पांढरा फुलोरा तोडून आणला आणि माझ्याखाली धरला. पाच पाकळ्या, मधे गुलाबी टोकांचे बारीक तुरे. मी आयुष्यभर चिरा शोधल्या आणि अक्षरं वाचली. नुसतं सुंदर म्हणून मला कुणी कशावर धरलं नव्हतं.

पायवाटेकडे तिने खिडकीतून दोनदा पाहिलं. शाल अंगावर घेतली आणि परत काढून ठेवली. "उद्या सकाळी," ती स्वतःशी म्हणाली. "चार दिवस आहेत."

पाच वाजता दार वाजलं.

दारात सुलेखा आणि गुरुनाथ. गुरुनाथच्या हातात स्टीलचा डबा.

"मावशी, फोन का उचलत नाहीस?" सुलेखाला दम लागला होता. "नीलने सहा वेळा केला. बिचारा मध्यरात्री जागा आहे तिकडे. शेवटी मला पत्ता दिला आणि म्हणाला, ताई, जरा बघून येशील का."

"अगं, आधी आत तर जाऊया," गुरुनाथ म्हणाला. "मावशी, थालीपिठं आणलीत. निघालो तेव्हा गरम होती."

सुलेखाने खोलीभर पाहिलं. एक पलंग, एक उशी, एक खुर्ची. "मैत्रीण कुठाय?"

प्रमोदिनीने शालीची घडी घातली. "मैत्रीण नाही गं. मीच आहे."

"म्हणजे आमचं घर असताना तू हॉटेलात?" सुलेखाचा आवाज बारीक झाला. "काय कमी पडलं मावशी? माझ्या हातचं आवडलं नाही का? मी लोकांना काय सांगू?"

"तुझं काही चुकलं नाही."

"मग चल."

मित्रांनो, तिने नाही म्हणायला हवं होतं. मला तोंड असतं तर मी म्हटलं असतं. पण ती दोघं दोन तास गाडी चालवून आली होती, गुरुनाथची कंबर दुखत होती, आणि सुलेखाच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं. प्रमोदिनीने एकदा खिडकीकडे पाहिलं आणि बॅग ओढली. सामान भरायला चार मिनिटं लागली. खाली मालकीणबाईंनी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं. "फॅमिली," प्रमोदिनी म्हणाली. त्या बाईंना वाटलं, किती छान. त्या हसल्या.

उरलेले दिवस आम्ही सुलेखाच्या हॉलमध्ये काढले. सोफा उलगडून त्यावर गादी घातली होती. रोज नवा पदार्थ, रोज कुणीतरी भेटायला, आणि टीव्ही. कुणीही वाईट वागलं नाही. कुणी वाईट वागलं असतं तर प्रमोदिनीला निदान रागावता आलं असतं.

डॉक्टर मैत्रेयींचा हिशेब चुकला नाही. ऑकलंडला थंडी पडली आणि जुलैत एका सकाळी प्रमोदिनीने मला वर्तमानपत्रावर धरलं. जवळ आणलं, लांब नेलं, खिडकीशी जाऊन पाहिलं. माझ्याखाली अक्षरं नेहमीसारखी मोठी होती. तिला तिथे फक्त करडा डाग दिसत होता. तिने मला पुसलं आणि खणात ठेवलं. पुसून ठेवलं, हे मी विसरणार नाही. खण पुरता लागत नाही, म्हणून पुढचं मला ऐकू आलं आणि फटीतून दिसलंही.

संध्याकाळी इरावती तिच्याजवळ बसली होती. हॉटेलातून एका दुपारीतच परत आल्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. आजीनेच नीलला तसं बजावलं होतं.

"आजी, तो वॉक कसा होता? चर्चपर्यंत गेलीस?"

"गेले ना. फाटक जरा जड होतं. मेंढ्यांची पिल्लं पायात येत होती."

"ऑसम," इरावती म्हणाली आणि खूश होऊन तिच्या खोलीत गेली.

नील ओट्याशी उभा होता. त्याने नळ बंद केला.

"आई, मी ताईला फोन करायला नको होता."

"तुला काळजी वाटली."

"हो, पण मी कबूल केलं होतं." तो येऊन तिच्यासमोर बसला. "पुढच्या मे महिन्यात परत तिकीट काढतो. तेच हॉटेल, तीच खोली. शपथ, कुणी फोन करणार नाही."

"काढ," प्रमोदिनी म्हणाली. "पण इरावतीला माझ्याबरोबर पाठव. आता मला एकटीला जमायचं नाही."

नील उठून ओट्याशी गेला आणि त्याने नळ परत सोडला.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू तुमच्या घरात असेल तर तिला अधूनमधून मऊ कापडाने पुसत जा, एवढं मी मागतोच. पण आणखी एक मागतो. तुमच्या आजीने किंवा आजोबांनी कधी म्हटलं, मला चार दिवस एकट्याने राहायचंय, तर कोण काय बोललं म्हणून शोधत बसू नका. खोली निवडायला मदत करा. बॅग स्टेशनपर्यंत उचला. आणि त्यांनी आतून कडी लावली, की ती त्यांची त्यांना उघडू द्या.