सोडली नाही, काढलं

आमचे हे जमीनमोजणीच्या सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. मग संगणक आले, त्यांचा विभाग बंद करायचं ठरलं आणि नकाशे काढणाऱ्यालाच काढायची वेळ आली. महिनाअखेर आदेश हातात पडणार होता.

सरकारने काढलं तर नोकरीच्या वर्षांप्रमाणे भरपाई मिळते. आपण होऊन राजीनामा दिला तर दमडीही नाही. हे त्यांनीच मला समजावून सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी राजीनामा लिहायला बसले.

"उद्या देऊन टाकतो. मला कोणी काढलं नाही, मी सोडली."

"अहो, भरल्या ताटाला लाथ मारताय. लेकीची फी काय तुमच्या बाण्यातून भरायची?"

"बाबांनी काय केलं होतं? साहेबाच्या टेबलावर राजीनामा फेकला."

सासऱ्यांना मी पाहिलेलं नाही, पण त्यांचा तो राजीनामा मला तोंडपाठ आहे. भाजीत मीठ कमी पडलं तरी आमच्याकडे त्याचा विषय निघतो. मी चिडून भांडी आदळायला लागले.

सासूबाई वाटाणे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अरे, त्यांनाही काढतच होते. कुणकुण लागली म्हणून आदल्या दिवशी फेकला. हक्काचे पैसे गेले."

"आई, तू तर अभिमानाने सांगायचीस."

"सांगायचे. फेकून घरी आले आणि ढसाढसा रडले. दुसऱ्या दिवसापासून मी लोकांचे कपडे शिवायला घेतले. तू कॉलेजात जाईपर्यंत शिवत होते. रुबाब त्यांचा, शिलाई माझी."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"लहान होतास. तुला बाप मोठा हवा होता."

ह्यांनी लिहिलेला कागद घडी करून खिशात ठेवला. माझा राग कुठल्या कुठे गेला. फार वाईट वाटलं ह्यांचं. पान वाढलं, तर येऊन जेवले.

राजीनामा काही दिला नाही. महिनाअखेर आदेशावर सही करून दुपारीच घरी आले. लेक शाळेतून यायची होती.

"बरं वाटत नाही म्हणून सांगू तिला?" मी विचारलं.

"नको."

ती आली, दप्तर टाकलं. "बाबा, आज लवकर?"

त्यांनी तिला जवळ बसवलं. "मला कामावरून काढलं. माझी चूक नव्हती. पण काढलं."

तिने जरा विचार केला. "मग उद्या शाळेत सोडायला तुम्ही याल?"

"येईन की."

सासूबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि पदराने डोळे पुसले.