दोकसूचे मुखवटे

नाच संपल्यावर दोकसूने म्हातारीचा मुखवटा उतरवला, तर खाली दुसरा मुखवटा होता. तो उतरवला, तर खाली तिसरा.

कोरियातल्या त्या डोंगराळ गावात मुखवटे वाळक्या भोपळ्याचे करतात आणि नाच झाला की आगीत टाकतात. गावाची वर्षभराची इडापिडा त्यांत शिरलेली असते. एक जरी मागे राहिला, तरी ती घरोघरी परतते. गावच्या पोरांना हे दोकसूनेच शिकवलं होतं. म्हणून तो एकेक मुखवटा सोलून निमूट आगीत देत होता. शेवटचा जळेपर्यंत घरी जायचं नसतं, म्हणून गाव जांभया देत बसलं होतं.

"आटपा की, दोकसूकाका," कारभारी चोन म्हणाले. "गुरं हंबरताहेत."

"पायमोजे काढायलासुद्धा त्यांना एवढाच वेळ लागतो," दोकसूची बायको ओकबुन म्हणाली. चारदोघे हसले.

दारुडा भिक्षू निघाला. वाकड्या तोंडाचा सरदार निघाला. मग दोकसूचे वडील निघाले. त्यांना त्याने दोन्ही हातांनी आगीत ठेवलं. खांदे भरून आले होते.

पुढचा मुखवटा हलका होता. तो सुटला आणि दोकसूला दिसेनासं झालं.

"आता खाली कोण आहे?" त्याने विचारलं.

"कोणी नाही, आजोबा," पुढे बसलेली मुलगी म्हणाली. "नुसता भोपळा आहे."

"हातातला मुखवटा टाका," चोन म्हणाले.

"हा यांचा स्वतःचा चेहरा आहे," ओकबुन म्हणाली. "लग्नात असाच होता."

"उतरला की टाकायचा. रीत आहे."

"खरं आहे," दोकसू म्हणाला. मग मुलांना सांगावं तसं हळूहळू म्हणाला, "पण तोंडावरचा मुखवटा कुणी जाळत नाही."

ओकबुनने त्याच्या हातातून मुखवटा घेतला आणि स्वतःच्या तोंडावर बांधला.

"बरं," चोन म्हणाले. "उतरेल तेव्हा टाकू." आणि खाली बसले.

लाकडं संपली. लोकांनी बसायचे पाट आगीत टाकले, मग ढोल टाकला. दोकसू ओकबुनच्या मानेमागची गाठ धरून बसला.

"झोपू नकोस," तो म्हणाला.

"नाही झोपत," ती म्हणाली. आवाज त्याच्या तरुणपणीचा होता.

थोड्या वेळाने तिचं डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं. गाठ त्याच्या बोटांत सैल झाली, आणि सगळं गाव किंचित पुढे सरकल्याचं त्याला ऐकू आलं.