नवरात्रातलं ओपन होम

विकायचं घर गिऱ्हाइकांना बघायला खुलं ठेवतात ते ओपन होम, आणि त्या वेळी मालकांनी घरात थांबायचं नसतं. एजंट शेरिलने हे सांगितलं तेव्हा मी मान हलवली. जाऊ की समुद्रावर, त्यात काय! तिने शनिवार ठरवला, पेपरात जाहिरात दिली, आणि मग मी भिंतीवरचं पुण्याचं कॅलेंडर बघितलं. त्याच शनिवारी घटस्थापना.

घट बसले की आमच्यात घर मोकळं सोडून जात नाहीत. दिवा नऊ दिवस विझू द्यायचा नाही, आणि घरातलं कुणीतरी घरात हवंच. हे लग्नापासून चाललंय. न्यूझीलंडात, टौरंगाला आल्यावर पहिल्या वर्षी झेंडू मिळाला नाही, तर मी शेजारच्या कोव्हाईच्या झाडाच्या पिवळ्या फुलांची माळ केली. पण माळ चुकवली नाही.

शेरिलला फोन करायला गेले तर आमचे हे, श्रीनाथ, म्हणाले, "तारीख बदलू नकोस. आपल्याकडे तारखा उरल्यात कुठे?"

तेही खरं होतं. किवीफळं निवडणारी यंत्रं बनवायच्या कंपनीत ते इंजिनियर होते. मंदी आली, कंपनीने माणसं कमी केली, आणि घराचे हप्ते थकले. बँकेने सप्टेंबरअखेरपर्यंत मुदत दिली होती. तोवर आम्ही स्वतः गिऱ्हाईक आणलं, तर कर्जापेक्षा कमी किंमत आली तरी बँक विक्रीला हो म्हणणार होती. राहिलेलं आम्ही सावकाश फेडायचं. नाही आणलं, तर मॉर्गेजी सेल. बँक आम्हाला बाहेर काढणार, अंगणात स्वतःची पाटी ठोकणार आणि घराचा लिलाव करणार.

"त्यापेक्षा किल्ल्या त्यांच्या टेबलावर ठेवू आणि पामर्स्टन नॉर्थला जाऊ," श्रीनाथ म्हणाले. "तिकडे कोण ओळखतंय आपल्याला?"

"अहो, चोरी केलीय का आपण?"

त्यांनी कॅलेंडरवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मग या वर्षी घट राहू देत. देवी काही रागावायची नाही."

"देवी नाही रागावणार. मी रागावेन."

शनिवारी पहाटे मी परसातली माती आणली, गहू पेरले, घट मांडला, दिवा लावला. दुपारी शेरिल आली ती दारातच थबकली. उंच टाचा, हातात पत्रकं.

"वासंती, तू अजून घरात? आणि हा धूप! लोकांना हे घर आपलं वाटायला हवं, तुमचं नाही. निदान त्यावर चादर तरी टाक."

"देवावर चादर नाही टाकत, शेरिल."

"अर्ध्या तासापुरता दिवा विझव मग. प्लीज."

"नाही."

मला मोठ्याने बोलता येत नाही, लहानपणापासून नाही. पण नाही म्हणायला मोठा आवाज लागतो असं कुठे आहे? शेरिलने माझ्याकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं आणि ती पुटपुटली, "स्वीट अ‍ॅज. चालेल, घर तुझं आहे."

"महिनाअखेरपर्यंत तरी," मी म्हटलं. ती हसली, आणि मग लोक यायला लागले.

बऱ्याच गाड्या थांबल्या. सहा महिन्यांपूर्वी कुणी फिरकलं नसतं. आता बाजार जरा उठत होता. लोक कपाटं उघडून बघत होते, नळ सोडून बघत होते. मी घटाजवळ पोथी घेऊन बसले होते. कुणी आत डोकावलं की मान लववत होते.

तेवढ्यात रणजित आला. आमच्या मराठी मंडळाचा. बँकांनी लिलावात काढलेली घरं उचलायची आणि फळतोडणीला येणाऱ्या पोरांना खोलीखोलीने भाड्याने द्यायची, हा त्याचा धंदा. बूट काढून आत आला, घटाला हात जोडले, साखरफुटाणे घेतले आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला.

"वहिनी, स्पष्ट बोलू?" त्याने एक आकडा सांगितला. कर्जाच्या निम्म्याच्या जरा वर. "आत्ता घ्या. लिलावात याच्याही खाली घेईन मी. माझ्यासारखं आपलं माणूस तरी आहे, परक्याच्या घशात कशाला घालता?"

"आपलं माणूस असं बोलतं का हो, भाऊजी?"

"धंद्यात वहिनी-बिहिनी नसतं."

"मग मगाशी काय म्हणालात मला?"

तो कसनुसा हसला आणि उठला. पण गेला नाही. बैठकीच्या खोलीत जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं इंग्रजीत म्हणाला, "कशाला घाई करता? बँक मागे लागलीय यांच्या. महिनाभर थांबा, निम्म्यात मिळेल."

मला घटाजवळून ती खोली दिसत होती. एका जोडप्याने पत्रक घडी करून खिशात घातलं. शेरिल लाल झाली. श्रीनाथ खिडकीपाशी उभे होते, ते अंगणात बघायला लागले.

मी पोथी पाटावर ठेवली आणि बाहेर आले. घराबाहेर जायचं नव्हतं, खोलीबाहेर चालतं.

"हे म्हणतात ते खरं आहे," मी म्हटलं. माझा आवाज ऐकायला लोकांना जवळ यावं लागलं. "यांची नोकरी गेली, हप्ते थकले. त्यात लपवण्यासारखं काही नाही. छत गळत नाही. हिवाळ्यात ऊन या बाजूने येतं. न्हाणीघराच्या मागच्या भिंतीला ओल आहे, तीही बघून घ्या. ज्यांना स्वस्तात हवंय त्यांनी बँकेच्या रांगेत उभं राहावं. मी इथे आहे तोवर हे घर पडत्या भावात जाणार नाही."

रणजित मराठीत म्हणाला, "वहिनी, तमाशा करताय."

"सुरुवात तुम्ही केलीत."

एक बाई भिंतीवर बोटांनी टकटक करत होती. मेरे तिचं नाव, बंदरातल्या ऑफिसात काम करायची. तिने मला ओल दाखवायला सांगितली. मी दाखवली. ती वाकून वास घेऊन म्हणाली, "माझ्या चुलतभावाने बँकेच्या लिलावात घर घेतलं. आत शिरू दिलं नव्हतं. ताबा मिळाला तेव्हा स्टोव्ह गायब, कमोडसुद्धा उपटून नेलेलं. मला माणसं राहतात ते घर हवंय."

सोमवारी तिची ऑफर आली. कर्जापेक्षा कमीच, पण रास्त. श्रीनाथांनी बँकेला कळवलं. बँकेच्या माणसाचा फोन आला तेव्हा मी जवळच बसले होते. तो म्हणाला, बाजार सुधारतोय, लिलावात कदाचित जास्त येईल, बघू. श्रीनाथ "ओके, ओके" म्हणत फोन ठेवायच्या बेतात होते. मी हात पुढे केला. त्यांनी गुपचूप फोन दिला.

"तुम्ही महिनाअखेर म्हणालात," मी म्हटलं. "गिऱ्हाईक त्याआधी आणलंय. आता शब्द का फिरवता?"

"मॅडम, तसं नाही. आम्हाला विचार करावा लागेल."

"करा. आणि हेही धरा त्यात. आम्हाला काढल्यावर घर रिकामं पडेल, गवत वाढेल, काचा फुटतील. तुमच्या वकिलाचं बिल वेगळं. मग तुमची पाटी वाचून निम्म्या भावात मागायला कोण येतं ते मी शनिवारी बघितलंय."

"मी वरिष्ठांशी बोलून परत फोन करतो."

"मी थांबते की फोनवर."

"वेळ लागेल, मॅडम."

"लागू दे. मी नऊ दिवस घरातच आहे."

त्याने फोनवर गाणं लावून दिलं. मी फोन कानाला लावून जपमाळ घेतली. थांबण्याची मला सवय आहे, त्यांना नसावी. मध्ये एकदा कुणी मुलगी येऊन "नंतर फोन करा" म्हणाली. मी म्हटलं, नाही, थांबते. श्रीनाथ आधी येरझाऱ्या घालत होते, मग चहा करून माझ्यापुढे ठेवून शेजारीच बसले. गाणं पुन्हा पुन्हा तेच. शेवटी तो माणूस आला. मेरेच्या किमतीला बँक तयार होती. राहिलेलं आम्ही दरमहा फेडायचं. मी ते लेखी मागितलं. तो "हो" म्हणाला, आणि मग जरा थांबून, "मॅडम, तुम्ही खरंच एवढा वेळ होल्डवर होतात?"

बंदराजवळ दोन खोल्यांची भाड्याची जागा मिळाली. निघायच्या दिवशी शेरिल म्हणाली, किल्ल्या ऑफिसात टाकून जा. मी मेरे येईपर्यंत दारात उभी राहिले, तिच्या हातात किल्ल्या दिल्या, आणि गरम पाण्याचा नळ जरा उलटा फिरवावा लागतो तेही दाखवलं.

दिवाळीला मंडळात जायला श्रीनाथ तयार नव्हते. मी साडी नेसून गाडीत जाऊन बसले, म्हणून आले. हॉलमध्ये फराळाच्या टेबलाशी रणजित चारचौघांत म्हणाला, "काय श्रीनाथ, घर गेलं म्हणे तुमचं?"

मी तोंड उघडणार होते.

"गेलं नाही, विकलं आम्ही," श्रीनाथ म्हणाले. आवाज चांगला खणखणीत. "दारात उभं राहून, मेरेच्या हातात किल्ल्या देऊन. बाकीचं फेडतोय. तुला आणखी काही माहिती हवीय का?"

रणजित चकलीत गुंतला. श्रीनाथांनी दोन ताटं उचलली, एक मला दिलं, आणि हॉलच्या मधोमध रिकाम्या खुर्च्या होत्या तिकडे निघाले.