तिसरा निळा पट्टा

मी एक जुनी सतरंजी आहे. मित्रांनो, जुनी म्हटलं की तुम्ही लगेच हळहळता. तसं करू नका. माझा रंग उडालाय, एक कोपरा उंदरांनी खाल्लाय, पण मी रडायला बसलेली नाही. मी भांडायला बसले आहे. किल्लारीच्या अलीकडच्या एका गावातल्या लहानशा चर्चमध्ये मी दर रविवारी अंथरली जाते, आणि यापुढेही अंथरली जाणार आहे.

मला नांदेडच्या मोहियोद्दीन चाचांनी हातमागावर विणलं. एक निळा पट्टा, एक तांबडा, पुन्हा निळा. न्यायला आलेल्या चर्चच्या पाळकांना त्यांनी बजावलं होतं, "इसको बिछाके रखो साहब. गुंडाळून ठेवली तर उंदीर खाते." ते वाक्य मी जन्मभर लक्षात ठेवलं.

चर्चमध्ये बाकं नव्हती. चपला दाराबाहेर काढून सगळे माझ्यावर मांडी घालून बसत. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. कुणी वाटून दिलं नव्हतं, पण हळूहळू प्रत्येकाचा पट्टा ठरून गेला. तारामतीबाई तिसऱ्या निळ्यावर. चंद्रप्पा गवंडी दाराजवळच्या शेवटच्या तांबड्यावर. उपासना संपली की पहिला माणूस दाराबाहेर उभा राही. दुसरा त्याचा हात हातात घेऊन 'सलाम' म्हणे आणि त्याच्या शेजारी उभा राही, मग तिसरा, मग चौथा. अशी ओळ अंगणभर वाढे आणि प्रत्येकाचा हात प्रत्येकाच्या हातात येऊन जाई. कुणाला ताप आहे, कुणाचा हात थरथरतोय, हे तिथे न विचारता कळायचं.

त्र्याण्णवच्या सप्टेंबरात एका गुरुवारी पहाटे भूकंप झाला. चर्चची मागची भिंत माझ्यावरच पडली. रविवारी लोकांनी मला दगडमातीतून ओढून काढलं, झटकलं आणि चिंचेखाली अंथरलं. सगळे आपापल्या पट्ट्यावर बसले. तेवढ्यात तारामतीबाईंनी शेवटच्या तांबड्या पट्ट्याकडे पाहिलं.

"चंद्रप्पा कुठं हाय?"

"भोकरला कामाला गेलाय म्हनं," कुणीतरी बोललं.

"न्हाई. त्यो रविवार चुकवत न्हाई. जायचं असतं तर सांगून गेला असता."

उपासना तशीच सोडून माणसं शिवारातल्या त्याच्या खोलीकडे धावली. चंद्रप्पा तिथे एकटाच राहायचा. दगडी खोलीचा ढिगारा झाला होता आणि त्याखाली तो जिवंत होता, एक पाय तुळईखाली अडकलेला. आजही तो लंगडतो. त्याचा पत्ता दिला तो माझ्यावरच्या एका रिकाम्या जागेनं. ही फुशारकी वाटली तर वाटू द्या.

चर्च पुन्हा उभं राहिलं. पुढे लातूरच्या शिकवण्यांचा बोलबाला झाला. घरोघरची मुलं तिकडे गेली, मागोमाग आयाही खोल्या करून राहिल्या. रविवार आला की मुलांची परीक्षा. शेवटी पाळकसाहेबही मुलाच्या शिकवणीसाठी लातूरला गेले आणि तिथूनच मोबाईलवर उपासना घेऊ लागले. लोक आपापल्या घरून व्हिडिओखाली 'आमेन' लिहीत, तीच हजेरी. मला गुंडाळून कपाटामागे उभं केलं. चर्चची जागा अभ्यासिकेला द्यायचं घाटत होतं. चाचांचा शब्द खरा झाला, उंदीर आले. मला फार राग आला. तो अजून गेलेला नाही.

एका रविवारी चंद्रप्पा लंगडत आला. त्यानं कुलूप काढलं, मला अंथरलं आणि आपल्या पट्ट्यावर जाऊन बसला. मागून तारामतीबाई आल्या. दोघंच गायले, बेसूर, पण मोठ्यानं. पाळकसाहेबांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी फोन करून समजावलं, "चंद्रप्पा, देव मोबाईलवरही ऐकतो."

"देव ऐकतो, साहेब. पर त्यात मला तारामतीबाई दिसत न्हाईत."

असे पाच रविवार गेले. सहाव्या रविवारी तिसरा निळा पट्टा रिकामा राहिला. चंद्रप्पा थोडा वेळ थांबला, मग त्यानं लातूरला फोन लावला.

"काळजी करू नका, त्या मोबाईलवर आहेत," पाळकसाहेब म्हणाले. "आत्ताच त्यांच्या नावानं आमेन आलंय."

"आमेन आलं असंल. बाईकडं तसला फोनच न्हाई, साहेब!"

तो धावतच निघाला. लंगडा माणूस जेवढा धावेल तेवढा. घरी एकट्याच राहणाऱ्या तारामतीबाई शनिवारपासून मोरीत पडलेल्या होत्या. पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं, हाका मारून मारून आवाज बसला होता. ते आमेन त्यांची नात एस्तेर लातूरहून लिहायची. आजीचं नाव हजेरीतून गळू नये, एवढ्याच मायेपोटी. दवाखान्यात पोर हमसून हमसून रडली. पाळकसाहेबही आले होते. त्यांनी तारामतीबाईंचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. "मी दर रविवारी तुमचं नाव वाचत होतो," एवढंच ते म्हणाले.

पुढच्या रविवारी ते लातूरहून पहिल्या बसनं आले, आणि आजही येतात. चर्चमध्ये अभ्यासिका झालीच, पण ती सोमवार ते शनिवार चालते. तिला माझी हरकत नाही. रविवारी टेबलं भिंतीला लागतात आणि मी अंथरली जाते. सगळे परत आले असं म्हणणार नाही. पण एस्तेर परीक्षा आटोपून दुपारच्या जीपनं येते, म्हणून उपासना दुपारी ठेवली आहे.

मित्रांनो, जो अंथरुणाला खिळलाय त्यानं मोबाईल खुशाल लावावा. त्याच्या घरी पाळकांनीच जावं, प्रभुभोजनाची भाकर घेऊन जावं. पण ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी मला सबबी सांगू नयेत. नाव कुणीही लिहू शकतं. माझ्यावर मात्र स्वतःच येऊन बसावं लागतं, आणि तुम्ही आला नाहीत तर ते कुणाच्या तरी डोळ्यांना दिसावं लागतं. मला गुंडाळणाऱ्यांनी आधी हे सांगावं, की त्या दिवशी तारामतीबाईंना शोधायला कोण गेलं असतं?

तारामतीबाई तीन महिन्यांनी आल्या, काठी टेकत. डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली आहे. चंद्रप्पानं खुर्ची आणली आणि एस्तेरनं ती बरोबर तिसऱ्या निळ्या पट्ट्यावर ठेवली. खुर्चीच्या पायांनी माझी वीण तिथे फाटू लागली आहे. फाटू दे. ती जागा भरलेली आहे.